जुलाबात पाणी तोडू नका
जुलाब लागले की अनेक घरांत मुलाचे पाणी तोडतात. पोटाला आराम मिळावा, ही त्यामागची काळजी. पण खरा धोका असतो तो निर्जलीकरणाचा (शरीरातील पाणी आणि क्षार घटणे). गळक्या टाकीचा वरचा नळ बंद केला, तर गळती थांबत नाही, टाकीच लवकर रिकामी होते. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा, घोटघोट पाजा. साखर चवीसाठी नाही: तिच्यामुळे आतडी मीठ आणि पाणी शोषून घेतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने कॉलराचे मृत्यू कितीतरी कमी केले. मऊ वरणभात चालू ठेवा, अंगावरचे दूध तर मुळीच तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठा.