क्षयाला चार औषधे कशाला?

महाड-पोलादपूरच्या खेड्यांतील पुष्कळ घरांचा कर्ता माणूस मुंबईत असतो. दाटीच्या खोलीत राहून क्षय जडला की तो गावी येतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि गोळ्या सुटतात. ‘बरे वाटते, मग इतकी औषधे सहा महिने कशाला?’ हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या घरीही निघत असेल. त्याचे उत्तर गणितात आहे.

जंतू वाढताना त्यांच्या जनुकांत आपोआप चुका होतात. त्यामुळे ढोबळमानाने दहा लाख क्षयजंतूंत एखादा आयसोनायझिडला दाद देत नाही; दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला. समजा, फुप्फुसातील पोकळीत दहा कोटी जंतू आहेत. नुसते आयसोनायझिड दिले तर शंभरेक वाचतील आणि पुढची प्रजा त्यांचीच होईल. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्ये इतक्यांत एक! इतके जंतू शरीरात सहसा नसतातच.

वर्गात दोन फासे टाकून पाहा. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता एकषष्ठांश, दोन्हींवर एकदम सहा पडण्याची फक्त छत्तिसांश.

अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ स्ट्रेप्टोमायसिन घेणारे रुग्ण आधी सुधारले. पण पुष्कळांच्या थुंकीत त्या औषधाला न जुमानणारे जंतू दिसू लागले. जोडीला ‘पास’ हे दुसरे औषध दिल्यावर असे जंतू फार कमी रुग्णांत आढळले. हे निष्कर्ष १९५० मध्ये जाहीर झाले.

आज नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल देतात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. वेगाने वाढणारे जंतू लवकर मरतात, म्हणून बरे वाटते. काही जंतू मात्र जवळजवळ निद्रिस्त असतात. त्यांना संपवायला उरलेले महिने लागतात. मध्येच गोळ्या सोडल्या तर हेच जागे होतात. अधूनमधून घेतल्या, किंवा त्यांतली एखादीच घेतली, तर वरचे गणित मोडते आणि औषधांना न जुमानणारा क्षय घरातल्या मुलांनाही होऊ शकतो. म्हणूनच आता ही औषधे एकाच गोळीत एकत्र करून देतात.

मात्र प्रत्येक तापाला दोन-तीन प्रतिजैविके घ्यावीत, असा याचा अर्थ नव्हे. ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

मुंबईत सुरू झालेले उपचार गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत पुढे चालू ठेवता येतात. गावी निघण्यापूर्वी तिथल्या केंद्रात तसे सांगून कागद सोबत आणावेत, एवढे आपला विद्यार्थी घरी नक्की सांगू शकेल.