गच्चीवरच्या टपातलं पाणी का बिघडतं?

पाऊस सुरू झाला की हबीबगंज आणि अरेरा कॉलनीतली मराठी मंडळी आम्हाला एकच प्रश्न विचारतात. टपात कमळ लावलं, मासे सोडले, पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं आणि मासे मेले. असं का?

आधी आमचीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या दारात आम्ही 200 लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात गप्पी सोडले होते. शेवाळ धरलं म्हणून एका रविवारी सगळं पाणी ओतून दिलं, ड्रम घासून लख्ख केला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत निम्मे मासे उलटे. जन्म तळ्यावर गेलेली माणसं आम्ही, आणि शंभर लिटरच्या टपात हरलो!

झालं काय, ते समजून घ्या. मासा जे खातो त्याची घाण पाण्यात अमोनिया म्हणून उतरते, आणि अमोनिया माशाला विष. टपाच्या भिंतीवर, खड्यांवर, मुळांवर जो बुळबुळीत थर असतो त्यातले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं ओढून घेतात. म्हणजे ज्याला आपण घाण समजून घासतो तोच टपाचा सफाई कामगार. नव्या टपात तो थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी कमी ठेवायचे. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशाच्या कल्ल्यांनाही झोंबतं आणि जिवाणूंनाही मारतं. म्हणून पाणी बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी घालायचं.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला, बस. तळाचा गाळ नळीने ओढून काढा आणि ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, झाड खूश होतं. टप पूर्ण रिकामा करू नका. साबण तर अजिबात नाही.

हिरवं पाणी म्हणजे ऊन जास्त आणि खत जास्त. टपाचा साधारण अर्धा पृष्ठभाग कमळाच्या किंवा कुमुदिनीच्या पानांनी झाकला की शेवाळाचं ऊन तुटतं. पाण्यात हायड्रिला असू द्या, ते खत खातं. कमळाच्या कुंडीत शेणखत नको. काळी चिकण माती आणि वर दोन बोटं वाळू पुरे. आपण मोठ्या तळ्यात शेण टाकतो ते माशाचं खाद्य वाढवायला. तो हिशेब टपाला लागू नाही. मोरचूद टाकला तर शेवाळ जाईल हे खरं, पण मासेही जातील.

खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. घरात लहान मुलं असली की प्रत्येक जण येऊन चिमूट टाकतो. त्यावर नजर ठेवा. निम्मी टपं अशीच बिघडतात.

आता उन्हाळा. मे महिन्यात भोपाळचा पारा 42 च्या वर जातो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. सूर्य उगवायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती भूक नाही, श्वास कोंडलाय. शिळं पाणी उंचावरून धार धरून ओता, त्या दिवशी खाणं बंद ठेवा. दुपारी टपावर हिरवी जाळी बांधा. उडालेलं पाणी भरून काढताना एकदम गार पाणी ओतू नका.

मासे किती? शंभर लिटरला दहा-बारा गप्पी पुष्कळ. महिन्याभरात ते स्वतःच वाढतात. रोहू-कटलाची बोटुकली आमच्याकडे मागू नका. कटला वर्षात किलोभर होतो, टपात त्याचे हाल. थाई मांगूर कुणी दिला तर घेऊच नका, त्याच्यावर देशात बंदी आहे.

आणि बिनमाशाचा टप ठेवू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. गप्पी अळ्या टिपतात. मासे मेले, टप तसाच राहिला, तर तो डासांचा कारखाना.

एक शेवटची विनंती, यात आमचं पोट आहे म्हणून थोडी कडक. कंटाळा आला म्हणून टपातले मासे किंवा जलपर्णी बड्या तलावात किंवा शाहपुऱ्यात सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा, जलपर्णीही तिथलीच. एक रोप दोन-चार आठवड्यांत दुप्पट होतं, मग जाळं टाकायला जागा उरत नाही. बडा तलाव 2002 पासून रामसर यादीत आहे आणि शहर त्याचं पाणी पितं. जलपर्णी उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये टाका. मासे जास्त झाले तर झाकणाच्या डब्यात टपातलंच पाणी घेऊन ऑफिसवर आणून द्या. सकाळच्या वेळी या, दुपारच्या उन्हात डब्यातलं पाणी तापतं.