रस्ता कोणाचा, बाग कोणाची? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर शहरात, किंवा संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, पाथर्डी अशा जिल्ह्यातल्या कुठल्याही नगरपरिषदेच्या गावात, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. 'अर्ज देऊन काही होत नाही' हे एक आणि 'नगरसेवकानं मनावर घेतलं तर आठ दिवसांत रस्ता होईल' हे दुसरं. एक वाक्य निराशेचं, दुसरं आशेचं. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. रस्ता, गटार, बाग यांचे निर्णय कुणातरी एका माणसाच्या मर्जीवर होतात आणि ती मर्जी वळवणं एवढंच आपल्या हाती आहे, ही ती समजूत. प्रत्यक्षात असा निर्णय मालकी, विकास आराखडा, अंदाजपत्रक, निविदा अशा पायऱ्यांनी खाली उतरत येतो आणि नागरिकाची तक्रार बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर, काम झाल्यावर किंवा बिघडल्यावर पोचते. तक्रारी वाया जातात त्यामागे कार्यालयांची बेपर्वाई असतेच. पण बऱ्याच तक्रारी चुकीच्या दारात आणि चुकीच्या वेळी गेलेल्या असतात, हेही तितकंच खरं. म्हणून या बाबतीतले पाच रूढ गैरसमज तपासून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज १ : शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता महापालिकेचा असतो.

वस्तुस्थिती : एकाच शहरातून जाणारे रस्ते निरनिराळ्या मालकांचे असतात. अहिल्यानगरातले मनमाड रस्ता आणि कल्याण रस्ता हे राष्ट्रीय महामार्ग. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झालेला शहरातला उड्डाणपूलही महामार्गाच्या यंत्रणेनं उभारलेला, महापालिकेनं नव्हे. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतले अंतर्गत रस्ते एमआयडीसीकडे. भिंगारच्या छावणी भागाचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. शहराला चिकटून वाढलेल्या नवनागापूरसारख्या वस्तीत ग्रामपंचायत. त्यात राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि खेड्यापाड्यांना जोडणारे बरेच रस्ते जिल्हा परिषदेचे. नव्या वसाहतींची गोष्ट आणखी वेगळी : विकसकानं आखलेले अंतर्गत रस्ते रीतसर हस्तांतरित होईपर्यंत खासगीच राहतात, मग तिथल्या प्रत्येक घराची घरपट्टी का भरली जात असेना. यावर रास्त आक्षेप असा, की खड्ड्यात पडणाऱ्या माणसानं आधी सातबारा काढून बघायचा का? मुळीच नाही. खड्डेमुक्त, सुस्थितीतला रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे 'हा रस्ता आमच्याकडे नाही' असं सांगून कुणाला सुटता येणार नाही. पण भरपाई नुकसान झाल्यावर मिळते. खड्डा त्याआधी बुजायचा असेल, तर रस्ता कुणाचा हे ठाऊक असलेलं बरं.

गैरसमज २ : रस्ता नगरसेवक मंजूर करतो आणि नारळ फुटला की काम सुरू होतं.

वस्तुस्थिती : नगरसेवक काम सुचवतो, सभेत भांडतो, निधीसाठी पाठपुरावा करतो; आदेश काढण्याचा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. ठरावीक रकमेपुढच्या कंत्राटांना सोळा सदस्यांच्या स्थायी समितीची मान्यता लागते आणि अंदाजपत्रक मंजूर करणं हे सर्वसाधारण सभेचं काम. एखाद्या गल्लीच्या काँक्रीटीकरणाची फाइल पाहिली तर ही साखळी डोळ्यांसमोर येते : कनिष्ठ अभियंत्यानं मोजमाप घेऊन केलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कोणत्या लेखाशीर्षातून पैसे जाणार त्याची नोंद, निविदा, करारनामा आणि सगळ्यात शेवटी कार्यारंभ आदेश. भूमिपूजनाचा या साखळीत कुठेही पत्ता नाही. कार्यारंभ आदेशाआधीच नारळ फुटला असेल, तर त्या कामाला कायद्याच्या दृष्टीनं अजून सुरुवातच झालेली नसते. सगळं नगरसेवकावर अवलंबून असतं हे मानलं, तर नगरसेवकच नसताना काय झालं हेही पाहायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर दोन वर्षं अहिल्यानगर महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती आले. कामं थांबली नाहीत, निविदाही निघाल्या. थांबली ती त्या कामांवरची उघड चर्चा. कोणती गल्ली आधी, कोणती नंतर, हे कोणत्या निकषावर ठरलं, हा प्रश्न सभागृहात विचारायला कुणी उरलं नाही. नगरसेवकाचं खरं मोल या प्रश्नात आहे.

गैरसमज ३ : केलेला रस्ता लगेच खोदतात, कारण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो.

वस्तुस्थिती : हा गैरसमज निम्मा खरा आहे. समन्वय नसतो; पण तो का नसतो हे समजून घेतल्याशिवाय त्यावर उपाय सुचत नाही. रस्त्याचा निधी एका योजनेतून येतो, जलवाहिनीचा आणि भुयारी गटारीचा 'अमृत'सारख्या केंद्राच्या योजनेतून, केबलचं खोदकाम खासगी कंपनीचं. प्रत्येक निधीला खर्चाची स्वतःची मुदत असते आणि मुदतीत खर्च झाला नाही तर तो हातचा जाण्याची भीती. म्हणून रस्त्याचा पैसा आला की रस्ता होतो आणि गटारीचा पैसा आला की तोच रस्ता फुटतो. गटारीच्या चारीवर मुरूम टाकून, वर डांबराचं ठिगळ लावून कंत्राटदार निघून जातो. पहिल्या पावसात मुरूम दबतो आणि रस्त्याच्या मधोमध लांबलचक घळ पडते. इथे 'रस्ता खराब आहे' एवढं लिहून भागत नाही. खोदाईची परवानगी कुणाला दिली, पूर्ववत करण्यासाठी किती अनामत घेतली आणि मूळ रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपला आहे का, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. दोषदायित्व कालावधी म्हणजे निविदेत ठरलेली अशी मुदत, की त्या काळात काम बिघडलं तर कंत्राटदारानं ते स्वखर्चानं दुरुस्त करायचं. ही मुदत चालू असताना त्याच रस्त्यावर पुन्हा सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर तक्रारीचा विषय खड्ड्यापुरता राहत नाही.

गैरसमज ४ : नकाशात मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे बाग होणारच.

वस्तुस्थिती : कायद्यात महापालिकेची काही कामं बंधनकारक आहेत आणि काही ऐच्छिक. रस्ते, दिवाबत्ती, साफसफाई बंधनकारक यादीत. उद्यानं आणि क्रीडांगणं ऐच्छिक यादीत. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातही हीच विभागणी आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा आणि मैदानांचा उल्लेख असला, तरी पैशांची ओढाताण झाली की कात्री आधी बागेवर चालते. शिवाय मोकळी जागाही दोन प्रकारची. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. ती त्या वसाहतीसाठी असते. विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण वेगळं. ती जमीन बहुधा खासगी मालकाची असते आणि नियोजन प्राधिकरणानं ती संपादन करायची असते. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. शहरातल्या बागा अशाही जातात : कुणी अतिक्रमण केलं नाही, कुणी झाड तोडलं नाही, फक्त एका नोटिशीला वेळेत उत्तर गेलं नाही. यावर कुणी म्हणेल, जमीनमालकानं पिढ्यान्‌पिढ्या वाट का पाहावी? त्याची बाजू न्याय्यच आहे. म्हणून तर कायद्यानं मुदत घातली. पण त्याच न्यायानं रहिवाशांनीही आपल्या प्रभागातल्या आरक्षणांच्या तारखा माहीत करून घ्यायला हव्यात. जागा एकदा बागेसाठी ठरली, की ती सहजासहजी दुसऱ्याच्या घशात घालता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. बंगळूरमधली उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रद्द ठरवला होता आणि ते प्रकरण न्यायालयात नेलं होतं तिथल्या रहिवाशांनीच.

गैरसमज ५ : अर्ज देऊन काही होत नाही.

वस्तुस्थिती : अर्ज कसा आणि कधी दिला यावर बरंच अवलंबून असतं. 'आमच्या भागातील रस्ता अत्यंत खराब असून त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती' या अर्जाला 'कार्यवाही सुरू आहे' एवढं एका ओळीचं उत्तर पुरतं. त्याऐवजी रस्त्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक, काम कोणत्या वर्षी झालं, कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत, तारखेसह छायाचित्र आणि 'दुरुस्ती कोणाच्या खर्चानं, किती दिवसांत' हा प्रश्न असेल, तर उत्तर देणाऱ्याला फाइल उघडावी लागते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायलाच हवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोला आवक क्रमांक नसतो. आवश्यक कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे आणि या कायद्यानं कामाची पाहणी करण्याचा, वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. त्याआधीच्या राज्याच्या कायद्यासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ मध्ये उपोषण केलं होतं. हा हक्क घडवण्यात या जिल्ह्याचा इतका वाटा असताना मोजमाप पुस्तिकेची प्रत मागायला इथल्या नागरिकानं संकोचण्याचं कारण नाही.

तरीही अर्ज चोख लिहिणं ही अर्धीच गोष्ट झाली, कारण तो गेला तरी शेवटच्या पायरीवरच जातो. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असं महापालिका कायदा सांगतो आणि अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी व्हायचं असतं. म्हणजे पुढच्या वर्षी कोणती बाग आणि कोणता रस्ता, हे हिवाळ्यातच ठरू लागतं. आपला संताप मात्र पावसाळ्यात उसळतो. पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली, ती हे वेळेचं गणित ओळखूनच. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभेपुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. म्हणजे चर्चा आधी, निर्णय नंतर. खेड्याला जमतं ते साडेतीन लाखांच्या शहराला कसं जमावं, हा आक्षेप घेतला जातो. घटनेनं त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे : तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक आहेत आणि राज्याच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. सावेडी, झेंडीगेट, बुरुडगाव इथली प्रभाग कार्यालयं घरपट्टी भरण्यापुरती वापरात राहिली, तर दोष एकट्या प्रशासनाचा नाही. लोकांनीच सगळं करायचं तर निवडून दिलेल्यांनी काय करायचं, असं विचारणाऱ्यांनी नव्या सभागृहाकडे आधी हेच मागावं : प्रभागवार कामांची यादी, प्राधान्याचे निकष आणि बागांच्या आरक्षणांच्या मुदती अंदाजपत्रकाआधी जाहीर करा. ही यादी डिसेंबरात हाती आली, तर जूनमधल्या निम्म्या तक्रारी लिहाव्याच लागणार नाहीत. आणि उरलेल्या लिहिताना दाद नेमकी कुणाकडे मागायची, हे तरी ठाऊक असेल.