हलत्या खुर्चीसाठी मोटर निवडताना

घरी मोशन सिम्युलेटर बनवायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न हमखास असा विचारतो, "माझं वजन ऐंशी किलो आहे, किती ताकदीची मोटर लागेल?" नीट बांधलेल्या खुर्चीत मोटरला वजन उचलावंच लागत नाही, ते सांध्यावर पेललं जातं. मोटरचं काम वेगळं आहे. स्थिर वस्तुमान झटकन हलवायचं, थांबवायचं आणि उलट दिशेला फिरवायचं. म्हणून ताकदीच्या आकड्याआधी वेगाचा आकडा बघायला हवा, आणि तोही भाराखालच्या वेगाचा.

यामागचं कारण आपल्या कानात आहे. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका स्थिर गतीची दखल घेत नाहीत, त्यांना कळतो तो गतीतला बदल. त्यामुळे खुर्ची खूप लांब हलवण्याची गरज नसते. ब्रेक दाबताच ती ताबडतोब पुढे झुकली पाहिजे, आणि मग कळणार नाही इतक्या हळू जागेवर आली पाहिजे. टिकून राहणारा जोर दाखवायचा असेल तर खुर्ची थोडी कलती ठेवायची. 5 अंशांच्या कलाने गुरुत्वाकर्षणाचा सुमारे 9 टक्के भाग पाठीवर किंवा पट्ट्यावर येतो, आणि पडद्यावर गाडी धावताना दिसत असल्याने मेंदू तो वेगवाढ म्हणून स्वीकारतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांनी 1929 साली वैमानिकांच्या सरावासाठी जो ट्रेनर बांधला, तो वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातल्या भात्यांवर हलत असे. तेवढ्याशा हालचालीवर पुढे हजारो वैमानिक शिकले.

आता एक ठरावीक रचना घेऊन हिशोब करू. घरगुती खुर्च्यांत हीच सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सुरुवातीला हीच करावी. खुर्चीच्या तळाखाली मधोमध युनिव्हर्सल जॉइंट बसवायचा, टेम्पोच्या प्रोपेलर शाफ्टचा जुना क्रॉसही चालतो. मागे दोन्ही कोपऱ्यांत एकेक मोटर ठेवायची. मोटरच्या शाफ्टवर 5 सेंटिमीटरचा दंड, दंडाच्या टोकापासून खुर्चीपर्यंत उभी सळई आणि सळईच्या दोन्ही टोकांना रॉड एंड. दोन्ही मोटरी एका दिशेने फिरल्या की खुर्ची पुढेमागे झुकते, विरुद्ध फिरल्या की डावी-उजवीकडे. सळया सांध्याच्या 40 सेंटिमीटर मागे आणि मध्यरेषेपासून प्रत्येकी 20 सेंटिमीटर बाजूला आहेत असं धरू.

माणूस 80 किलो आणि खुर्ची 20, एकूण 100 किलो. गुरुत्वमध्य सांध्याच्या 25 सेंटिमीटर वर. सेकंदाला एक पूर्ण झोका आणि दोन्ही बाजूंना 5 अंश, एवढी हालचाल हवी आहे. खुर्ची 5 अंश कलली की गुरुत्वमध्य सांध्यापासून सुमारे 2.2 सेंटिमीटर सरकतो आणि 21 न्यूटन-मीटरचा टॉर्क खुर्चीला आणखी पाडू बघतो. दुसरा वाटा जडत्वाचा. बसलेला माणूस आणि खुर्ची मिळून जडत्व-आघूर्ण साधारण 15 किलो-मीटर वर्ग धरलं, तर या झोक्याच्या टोकाला उलट फिरवण्यासाठी सुमारे 52 न्यूटन-मीटर लागतात. बेरीज झाली 73, सोयीसाठी 75 धरू.

पुढेमागे झुकताना हा भार दोन्ही मोटरी वाटून घेतात. 75 ला 0.4 मीटरने भागलं की सुमारे 188 न्यूटन, म्हणजे प्रत्येक सळईवर 94. दंड 5 सेंटिमीटरचा, म्हणून मोटरच्या शाफ्टवर 4.7 न्यूटन-मीटर. डावी-उजवीकडे मात्र सळया सांध्याच्या जवळ आहेत. तिथे एक ढकलते, दुसरी ओढते आणि प्रत्येकीवर 188 न्यूटन येतात, म्हणजे 9.4 न्यूटन-मीटर. वळणात ब्रेक दाबला की दोन्ही एकदम, सुमारे 14. घर्षण, अचानक धक्के आणि जास्त वजनाचा पाहुणा लक्षात घेऊन क्षणभरासाठी 30 पर्यंतची तयारी ठेवावी. दुकानदार बहुधा किलो-सेंटिमीटरमध्ये बोलतात, तेव्हा या आकड्यांना दहाने गुणायचं.

आता वेग. 5 अंश कलण्यासाठी सळईचं टोक 3.5 सेंटिमीटर वर-खाली जायला हवं, त्यासाठी दंड 45 अंश फिरतो. सेकंदाला एक झोका असेल तर मधोमध जाताना दंडाचा वेग 47 आरपीएम होतो. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, कारण बहुतेक स्वस्त पर्याय इथेच गळतात. गाडीची वायपर मोटर भंगारात सहज मिळते, वर्म गिअर तिच्यात आधीपासूनच असतो, क्षणिक ताकदही पुरेशी असते. पण मोकळी फिरतानाच ती साधारण 45 ते 65 आरपीएम देते, भार आला की त्याखाली. हळू डोलणाऱ्या विमानाच्या खेळाला किंवा लहान मुलाच्या खुर्चीला ती चालेल, मोटर रेसिंगला नाही. पलंग किंवा रिक्लायनरचा लिनिअर ॲक्चुएटर त्याहून निरुपयोगी. इथे सेकंदाला 220 मिलिमीटरचा वेग हवा आणि तो बहुधा 50 च्या आतच असतो, जोर कितीही मोठा छापलेला असो. स्टेपर मोटरच्या वाटेला जाऊ नये. जास्त भार आल्यावर तिची पावलं चुकतात आणि खुर्ची कुठे आहे हे नियंत्रकाला कळेनासं होतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ई-बाइकच्या मोटरींची चौकशी केली तर एमवाय1016 हे नाव ऐकू येईल. 24 व्होल्ट, 250 वॉट, 2,650 आरपीएमच्या आसपास. गणिताने तिचा सततचा टॉर्क 0.9 न्यूटन-मीटर निघतो. तिला 50:1 चा वर्म गिअरबॉक्स जोडला तर वेग राहतो 53 आणि टॉर्क, वर्ममधली गळती धरून, सुमारे 25. आकडा आकर्षक दिसतो, पण वेगाला काही शिल्लकच उरली नाही. 25:1 लावला तर वेग 106 आणि टॉर्क सुमारे 15. मी डोळे मिटून दुसरा घेईन. 15 हा सततचा आकडा आहे, अशी डीसी मोटर क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त देते, आणि आपली गरज क्षणाक्षणाचीच असते. शिवाय गिअरचं प्रमाण दुप्पट केलं की मोटरच्या स्वतःच्या रोटरचं जडत्व खुर्चीच्या बाजूने चौपट जाणवतं. मोटर आपलाच गाभा उलटसुलट फिरवण्यात दमते.

25:1 ची एक किंमत मोजावी लागते. 50:1 चा वर्म बहुधा उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज गेली तरी खुर्ची जागेवर राहते. 25:1 वर तशी खात्री देता येत नाही. म्हणून सांधा गुरुत्वमध्याच्या अगदी थोडा पुढे घ्यावा, म्हणजे खुर्ची किंचित मागे जड राहील आणि वीज गेल्यावर सावकाश मागे टेकेल. याने दुसरंही काम होतं. गिअरच्या दात्यांमधला प्ले नेहमी एकाच बाजूला दाबलेला राहतो आणि पुढेमागे झुकताना मधल्या जागी येणारा खडखडाट जातो.

पुरवठा 24 व्होल्टचाच ठेवावा, तेवढ्याच ताकदीला 12 व्होल्टच्या निम्मा प्रवाह लागतो. पूर्ण भारावर ही मोटर 13-14 अँपियर घेते, दिशा बदलताना त्याच्या कितीतरी पट. बीटीएस7960 चा ड्रायव्हर लोकप्रिय आहे, पण त्यावरचे 43 अँपियर त्या छोट्या हीटसिंकवर सतत मिळत नाहीत. निम्म्याच्याही आत राहावं आणि पंखा लावावा. त्याची व्होल्टेजची मर्यादा 27-28 आहे, हे विसरलं जातं. मोटर थांबताना वीज परत ढकलते. एसएमपीएस ती घेऊ शकत नाही, व्होल्टेज चढतं आणि पुरवठा बंद पडतो किंवा ड्रायव्हर जळतो. 12 व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या ती वीज पोटात घेतात, फक्त खेळताना चार्जर जोडलेला नसावा.

दंड किती फिरला हे सांगायला शाफ्टवर हॉल सेन्सर बसवावा. पोटेन्शिओमीटरही चालतो, मात्र मधल्या भागात लवकर झिजतो आणि मग खुर्ची थरथरते. दंड सळईच्या रेषेत आला की तो दुसऱ्या बाजूला उलटू शकतो, म्हणून 60 अंशांच्या पुढे लिमिट स्विचने मोटरची वीजच तोडावी. हाताशी असलेलं लाल बटणही मोटरच्या मुख्य तारेवर हवं, आर्डुइनोच्या संकेतावर नको, कारण अडकलेला आर्डुइनो संकेत ऐकत नाही.

बजेट मोठं असेल तर 750 वॉटची एसी सर्व्हो आणि 5 मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू यांचा विचार करावा. 3,000 आरपीएमला सेकंदाला 250 मिलिमीटर आणि 2.4 न्यूटन-मीटरवर अडीच हजार न्यूटनहून जास्त जोर मिळतो. असे चार दांडे अख्खी चौकट, स्टिअरिंग-पेडलसकट उचलतात. मात्र बॉलस्क्रू भाराखाली आपोआप खाली फिरतो, तेव्हा ब्रेक असलेलीच सर्व्हो घ्यावी.

पहिली चाचणी माणूस बसवून करू नये. 80 किलोची वाळूची पोती खुर्चीला घट्ट बांधावीत, हालचाल निम्म्यावर ठेवावी आणि अर्धा तास खेळ चालवून मोटरच्या अंगाला हात लावून बघावा. हात टिकत नसेल तर लगेच मोठी मोटर आणायला धावू नये. दंडाला 4 सेंटिमीटरवर दुसरं भोक पाडून सळई तिथे जोडावी. मोटरवरचा टॉर्क पाचव्या हिश्श्याने उतरेल. खुर्ची 5 ऐवजी 4 अंश झुकेल, आणि आत बसलेल्याला हा फरक क्वचितच कळतो.