पोटातले पाणी आणि चित्रातली रिकामी पट्टी

जलोदर ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मणात वरुण हरिश्चंद्राला धरतो आणि त्याचे पोट फुगते, ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. चरकाचे वर्णन अधिक नेमके आहे : असे पोट हाताला पाण्याने भरलेल्या पखालीसारखे हेलकावते. घरात आपण एवढेच म्हणतो, ‘पोटात पाणी झालंय.’

महूतल्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या यकृताच्या न्यूक्लिअर स्कॅनचे चित्र मला दाखवले. ‘सर, यकृताच्या बाजूला तर काहीच नाही, मग बरंच की?’ त्याचा हा प्रश्न भाषेचाही आहे.

या तपासणीत टेक्नेशियम-९९एम जोडलेले गंधकाचे सूक्ष्म कण शिरेतून देतात. यकृतातील कुप्फर पेशी आणि प्लीहा ते टिपून घेतात, आणि गॅमा कॅमेऱ्यात हे अवयव उजळतात. टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तासांचा. पाणी मात्र हे कण टिपत नाही. म्हणून ते चित्रात दिसत नाही, त्याची जागा दिसते. निरोगी यकृताची उजवी कड बरगड्यांना भिडलेली असते. जलोदरात या दोहोंमध्ये रिकामी पट्टी पडते आणि यकृत मध्याकडे सरकलेले दिसते. सिरॉसिस असेल तर यकृत फिके, डागाळलेले आणि प्लीहा, अस्थिमज्जा जास्त उजळ, अशी जोडखूणही सापडते.

अहवालात या पट्टीला ‘कोल्ड एरिया’ म्हणतात. त्याचे ‘शीत क्षेत्र’ केले की वाचणाऱ्याला थंडावा आठवतो. मी ‘न उजळलेला भाग’ म्हणेन. लांब आहे, पण फसवत नाही. (शब्द कसे सरकतात पाहा : खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत, आणि मराठी माणसाचे काळीज धडधडते!)

तरी पट्टी दिसली म्हणजे पाणीच, असेही नाही. पडद्याखालच्या गळवानेही यकृत बाजूला ढकलले जाते. थोडे पाणी तर या चित्रात कळतही नाही. म्हणून आज हे काम सोनोग्राफीकडे गेले आहे. ती पाणी थेट दाखवते. ते सिरॉसिसचे, क्षयाचे की कर्करोगाचे, हे मात्र बहुधा सुईने थोडे पाणी काढून तपासल्यावरच ठरते. त्या मुलाला मी एवढे समजावले आणि चित्र घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले.