घाटवाटेसाठी पायडल कोणते?

ब्रेक सैल झाला की आपण तो आवळतो, चेन सुटली की चढवतो, हवा कमी झाली की भरतो. पायडलाकडे मात्र ते मोडून पडेपर्यंत कोणी पाहत नाही. खरे तर तुमच्या पायांची सारी ताकद सायकलला मिळते ती पायडलाच्या तळहाताएवढ्या जागेतून.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे सह्याद्रीवर चढत जातो. नारायणगाव-मंचरकडची काळी माती, घोडेगाव-डिंभ्यापुढचे चढ, भीमाशंकरच्या बाजूची तांबडी माती आणि नाणेघाटाचा काळा कातळ, असे जमिनीचे सारे प्रकार एकाच दिवसात चाकाखालून जातात. अशा वाटांसाठी गिअरची, जाड टायरची सायकल घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. साधे पायडल बरे, की बूट अडकवून ठेवणारे ‘क्लिपलेस’ पायडल? दुसरे बरेच महाग पडते. शिवाय त्यासाठी खास बूट लागतात. मग ते घ्यावे का?

उत्तर शोधण्यापूर्वी एक प्रयोग करा. सायकल स्टँडवर लावा. एक पायडल बरोबर माथ्यावर आणून हाताने सरळ खाली दाबा. चाक फिरत नाही. आता तेच पायडल पुढे, जमिनीला समांतर आणा आणि पुन्हा दाबा. चाक गरकन फिरते! जोर तोच, पण परिणाम निराळा. असे का व्हावे?

पायडल ज्या दांड्याला बसवलेले असते तो क्रँक म्हणजे एक तरफ आहे. त्याची लांबी बहुधा १७ सेंटिमीटरच्या आसपास असते. ५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी आडव्या क्रँकवर पूर्ण भाराने उभा राहिला, तर ४९० न्यूटन गुणिले ०.१७ मीटर, म्हणजे सुमारे ८३ न्यूटन-मीटर इतका फिरवणारा परिणाम मिळतो. क्रँक उभ्या रेषेपासून ३० अंशांवर असेल तर याच्या निम्माच मिळतो. क्रँक अगदी उभा असेल तर शून्य! चढावर दम लागलेला असताना पाय ‘अडल्यासारखा’ वाटतो तो याच जागी. वाट खडकाळ असेल, तर नेमक्या त्या क्षणी हादरा बसून पाय पायडलावरून निसटतो.

पाय निसटू नये म्हणून शर्यतीतले सायकलस्वार पूर्वी पायडलापुढे धातूचा पिंजरा लावून पाय पट्ट्याने आवळून घेत. त्या पिंजऱ्याला ‘क्लिप’ म्हणत. पुढे पिंजरा आणि पट्टा नसलेले पायडल आले, म्हणून ते ‘क्लिपलेस’. नावावरून वाटते की यात पाय मोकळा असतो, पण असतो तो चांगला पक्का अडकलेला!

१९७० नंतर लवकरच इटलीतील चिनेल्ली कंपनीने असे एक पायडल काढले. ते पाय छान धरून ठेवी, पण सोडवायचा झाला तर खाली वाकून हाताने खटका ओढावा लागे. पडता पडता एवढी सवड कोणाला मिळणार? ते पायडल फारसे रुजले नाही. १९८४ मध्ये फ्रान्सच्या लूक कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची युक्ती पायडलात आणली. त्यात टाच बाहेर वळवली की पाय आपोआप सुटे. १९८५ ची ‘टूर द फ्रान्स’ शर्यत बर्नार ईनो याने अशीच पायडले लावून जिंकली. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी लहान पोलादी तुकड्याचा प्रकार आणला. हा तुकडा, म्हणजे ‘क्लीट’, दोन स्क्रूंनी बुटाच्या तळव्यातील खाचेत बसतो, त्यामुळे त्या बुटांनी चालताही येते.

याची रचना पाहण्यासारखी आहे. क्लीटचे टोक पायडलाच्या पुढच्या ओठाखाली सरकते. मग पाय दाबला की मागचा, स्प्रिंगने आवळलेला जबडा ‘खट्’ असा आवाज करून क्लीटला पकडतो. पाय वर ओढला तरी सुटत नाही. टाच बाहेर वळवली की मात्र क्लीटची तिरकी कड पाचरीसारखी जबड्यात घुसते आणि तो उघडते. क्लीट इवलीशी आणि टाच तिच्यापासून लांब, म्हणून टाचेच्या थोड्या जोराने कडक स्प्रिंगही हलते. पुन्हा तरफच!

आता एक गैरसमज दूर करू. ‘पाय बांधला की वर ओढूनही जोर लावता येतो, म्हणजे ताकद दुप्पट,’ असे अनेकजण म्हणतात. जोर मोजणारी पायडले लावून केलेल्या प्रयोगांत असे दिसत नाही. एकसारख्या चालीत बहुतेक सारे काम खाली दाबणारा पायच करतो. मुद्दाम वर ओढत राहिल्यास तेवढ्याच कामाला उलट अधिक ऑक्सिजन लागतो. खरा फायदा वेगळाच आहे. हादऱ्यांत पाय जागेवर राहतो.

पण जो पाय जागेवर राहतो, तो वेळेवर जमिनीवर येईल का? येथे धोका आहे. खड्या चढावर वेग इतका कमी होतो की सायकल डगमगू लागते. एक मीटर उंचीवरून दगड पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो. कलणारी सायकल सुरुवातीला सावकाश कलते, तरी तोल गेल्यापासून जमीन गाठेपर्यंत सेकंद-दीड सेकंदच मिळतो. तेवढ्यात टाच वळली पाहिजे. म्हणून पायडल किती घट्ट धरते यापेक्षा किती सहज सोडते, हे आधी पाहावे.

आता जमिनीकडे वळू. काळी चिकण माती ओली झाली की बुटाच्या खाचेत लिंपली जाते आणि क्लीट पायडलात बसतच नाही. अशा चिखलासाठी चारही बाजू उघड्या असलेली, अंडी फेटण्याच्या यंत्रासारखी दिसणारी पायडले बरी, कारण चिखल त्यांच्यातून निसटून जातो. नाणेघाटाच्या माथ्याजवळ ओल्या कातळावर उतरून चालायचे असेल, तर तळव्याबाहेर आलेला धातू घसरतो. तेथे क्लीट रबरी तळव्याच्या आत बुडालेली असावी. सडकेच्या शर्यतीची, तीन स्क्रूंची, बाहेर आलेली मोठी क्लीट या वाटांवर कामाची नाही.

निवडताना आणखी तीन गोष्टी पाहा. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असल्यास तो प्रथम सर्वात सैल ठेवा. अनेक दिशांनी सुटणारी क्लीट नवशिक्याला अधिक सुरक्षित. आणि सुटण्यापूर्वी पाय चार-सहा अंश इकडेतिकडे वळू शकला पाहिजे, नाही तर पिळवटण्याचा ताण गुडघ्यावर येतो. बसवताना लक्षात ठेवा की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात.

सराव हिरवळीवर, भिंतीला हात टेकून करा. पाय अडकवणे आणि सोडवणे दोन्ही पायांनी शंभरदा तरी करा. दोन्ही पायांनी का? घाटात आपण डाव्या कडेने जातो. जाताना डावीकडे डोंगर असेल, तर परतताना त्याच बाजूला दरी येते. थांबायच्या आधीच डोंगराकडचा पाय मोकळा झालेला असावा.

मग शाळेत जाणाऱ्याने काय घ्यावे? तुम्ही चपला किंवा साधे बूट घालून जाता, वाटेत दहादा पाय टेकता. तुमच्यासाठी रुंद, सपाट, पकड असलेले साधे पायडलच योग्य. डोंगरवाटेवरही शिकाऊ स्वाराने त्यानेच सुरुवात करावी. क्लिपलेसचा विचार पाय वारंवार निसटू लागल्यावर.

शेवटी एक काम. आठवडाभर शाळेच्या वाटेवर तुमचा पाय किती वेळा जमिनीला टेकतो आणि कशावर टेकतो, डांबर, खडी, चिखल की कातळ, याची नोंद करा. मग वर्गात ती ताडून पाहा. कोणाला कोणते पायडल हवे, हे ती वहीच तुम्हाला सांगेल.