मसाल्याचा चहा : करावा कसा, घ्यावा केव्हा?

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावर आमचे चौसाळा गाव आहे. इतर गावांप्रमाणे येथेही पाहुणा आला की प्रथम चहाचे आधण चढते. अलीकडे या चहाच्या जोडीला एक भारदस्त शब्द आला आहे : ‘अँटिऑक्सिडंट’. आले, लवंग, दालचिनी, हळद घातलेला चहा अँटिऑक्सिडंटांनी समृद्ध असतो, तो रोज प्यावा आणि निरोगी राहावे, असे पाकिटांवर छापलेले आढळते. यात खरे किती, ते आज तपासून पाहू.

इलेक्ट्रॉनची देवघेव

वांगे चिरून उघडे ठेवले तर फोडी काळ्या पडतात. म्हणून आई त्या लगेच पाण्यात टाकते. पावसात राहिलेली खुरपी गंजते. या दोन्ही ठिकाणी प्राणवायूचे काम चालू असते. प्राणवायू दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. इलेक्ट्रॉन गमावण्याच्या या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात.

आपल्या पेशीही प्राणवायू वापरूनच अन्नापासून ऊर्जा मिळवतात. ही क्रिया चालू असताना काही थोडे रेणू अर्धवट अवस्थेत सुटतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात. मुक्त मूलकात मात्र एक इलेक्ट्रॉन एकटा असतो. तो जोडीदार मिळवण्यासाठी शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो. मग तो शेजारी तिसऱ्याकडे धाव घेतो. अशी साखळी सुरू होते आणि पेशीचे नुकसान होते. वार्धक्याचे मूळ या नुकसानीत असावे, अशी कल्पना डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1956 साली मांडली.

अँटिऑक्सिडंट म्हणजे स्वतःचा इलेक्ट्रॉन सहज देऊन ही साखळी तोडणारा पदार्थ. इलेक्ट्रॉन दिल्यावरही तो बराच स्थिर राहतो, म्हणून दुसऱ्यावर झडप घालत नाही. लिंबातील क जीवनसत्त्व, चहापत्तीतील आणि मसाल्यातील पॉलिफेनॉले, हळदीतील करक्युमिन हे सर्व या वर्गातले.

पातेल्यातील पदार्थविज्ञान

आता चहा करू. चार कपांसाठी साडेतीन कप पाणी, बोटाच्या पेराएवढे आले, दोन लवंगा, दोन वेलदोडे, दोन मिरे, दालचिनीचा नखाएवढा तुकडा आणि गवती चहाची दोन-तीन पाती घ्या. तुळशीची पाने असतील तर पाच-सहा टाका.

आले खलबत्त्यात ठेचायचे ते का? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे 1000 घन केले, तर एकूण पृष्ठफळ 60 चौरस सेंटिमीटर होते. पाण्याला शिरकाव करायला दहापट जागा मिळाली!

मसाला पाण्यात घालून मंद आचेवर पाच मिनिटे उकळा आणि पातेल्यावर झाकण ठेवा. आले, वेलदोडा, गवती चहा यांचा सुवास बाष्पनशील तेलांत असतो. झाकण नसेल तर तो वाफेबरोबर उडून जातो. सारे घर घमघमते, पण कपात थोडाच उरतो. आच मोठी ठेवूनही उपयोग नाही. पाणी उकळू लागले की त्याचे तापमान वाढत नाही, फक्त त्याची वाफ अधिक होते. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो. म्हणून बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच उकळते.

आता पातेले उतरवा, दोन लहान चमचे चहापत्ती टाका आणि तीन मिनिटे झाकून ठेवा. फार उकळल्यास चहा तुरट होतो. मग गाळून त्यात अर्धा कप गरम दूध मिसळा. हळद हवी असल्यास चिमूटभर दुधात घाला, कारण करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. साखर कमीच बरी. दोन चमचे साखरेचे चार कप घेतले, तर चमच्याला 5 ग्रॅम या हिशेबाने 40 ग्रॅम साखर पोटात जाते.

कपात किती?

बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन दिले, तेव्हा ते रक्तात नगण्य उतरले. सोबत मिऱ्यातील 20 मिलिग्रॅम पायपरीन देताच ते सुमारे वीसपट उतरले. हळदीबरोबर मिरे घालावे हे यावरून पटते. पण हिशेब करा. हळदीच्या पुडीत करक्युमिन सुमारे 3 टक्के असते. मग 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅमच्या वर हळद लागेल. चिमूट कोठे आणि 65 ग्रॅम कोठे!

अधिक अँटिऑक्सिडंट म्हणजे अधिक आरोग्य, हेही गणित सरळ नाही. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1994 साली आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्के अधिक आढळला. तेव्हा मसाल्याचा चहा हे चवदार पेय समजावे, औषध नव्हे.

शाई आणि भाकरी

एक सोपा प्रयोग करा. गंजलेला खिळा दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. मग ते पाणी थेंबथेंब बिनदुधाच्या गार चहात टाका. चहा काळाकुट्ट होईल! (तो पिऊ नका.) पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तीच ही क्रिया. हिराकशीत लोह असते. हिरड्यातील व चहातील पॉलिफेनॉले त्या लोहाला घट्ट धरून ठेवतात. याच काळ्या पाण्यात भरपूर लिंबू पिळा. काळेपणा पुष्कळसा फिका होईल.

पोटातही असेच घडते. बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतील लोह चहातील पॉलिफेनॉले पकडून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ शकत नाही. जेवणासोबत चहा घेतल्यास अशा लोहाचे शोषण निम्म्याहून कमी होऊ शकते. ही गोष्ट किरकोळ नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. वर्गात दम लागणे, डोके जड होणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. बऱ्याच घरांत चहात बुडवलेली चपाती किंवा भाकरी हीच सकाळची न्याहारी असते. तिच्यातील थोडेसे लोहही चहाच अडवून ठेवतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारसूचनांत सांगितले आहे, की जेवणाआधी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी. लवंग-दालचिनीतही पॉलिफेनॉले असतात, म्हणून बिनपत्तीच्या काढ्यालाही हाच नियम लावा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नका. उलट भाजी-भाकरीवर लिंबू पिळा, किंवा जेवणासोबत पेरू खा. त्यातील क जीवनसत्त्वाने लोह शोषले जाण्यास मदत होते.

म्हणजे चहात काय घातले याइतकेच तो केव्हा घेतला यालाही महत्त्व आहे. आता एक काम करा. आठवडाभर घरातील प्रत्येकाच्या चहाची आणि जेवणाची वेळ वहीत मांडा. दोहोंत एका तासाहून कमी अंतर किती वेळा पडले ते मोजा, आणि तो तक्ता आईला दाखवून चहाची वेळ बदलता येते का ते पाहा.